केळीच्या सोपटांचा वाढदिवस

कागदावर माझा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालायला बाबा घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. बाबा म्हणाले, "धान निसवत होतं तवाची," म्हणजे धानाला लोंब्या फुटायच्या दिवसांतली, आणि मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो, आणि त्यांतल्या कुणाचाच कधी साजरा झाल्याचं मी ऐकलं नाही. माझाही झाला नव्हता. चाळिसावा झाला. तोही केळीच्या बागेत, भर उन्हाळ्यात, आणि मीच ठरवून. अजून कधीकधी तो दिवस खरंच झाला असं वाटत नाही. दुपारच्या झोपेत पाहिल्यासारखा वाटतो.

आमचं गाव भंडाऱ्याकडचं, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातलं. नवऱ्याच्या कामामागे आधी धुळ्यात दोन वर्षं काढली. मग त्याला जळगावात चटईच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इथे आलो. त्याला बारा वर्षं झाली. मी मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करते. गावाकडे जायचं तर अख्खा दिवस गाडीत जातो, म्हणून दरवर्षी जाणं होत नाही. पहिल्या वर्षी मी इथल्या उन्हाला घाबरले होते, बोलीला घाबरले होते, रस्ता ओलांडायलासुद्धा घाबरत होते. तशी मी अजूनही घाबरतेच. फक्त आता कुणी विचारलं तर सांगून टाकते.

वाढदिवस हातांनी काहीतरी करून साजरा करायचा, हे मी वसतिगृहातल्या मुलींकडून शिकले. एका मुलीला बाविसावं लागलं होतं. हॉटेलात जायला कुणाकडेच फारसे पैसे नव्हते. मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी कॅलेंडरं, सॉसच्या रिकाम्या बाटल्या, उरलेली लोकर असं सगळं पसरलं. एकीने बाटली रंगवली, एकीने कॅलेंडरची पाकिटं केली, एकीला काहीच येत नव्हतं तर ती नुसते गोंडे करत बसली. मी आत पोळ्या लाटत होते आणि लाटता लाटता दारातून बघत होते. कुणी बोलत होतं, कुणी गप्प होतं, पण हात सगळ्यांचे चालू होते. मला ते दृश्य फार आवडलं. पाण्यात पाय सोडून बसलेल्या बायका दिसतात ना, तशा त्या निवांत दिसत होत्या. माझ्या दोन पोळ्या करपल्या.

आता अक्कांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यापासून सुरू झालं. माझ्याबरोबर स्वयंपाकघरात एक मैत्रीण काम करते, ती असोद्याची. रोज सकाळच्या बसने येते. घरची केळी आणि कपाशी. अक्का म्हणजे तिची सासू. गावातल्या बायकांचा एक गट अक्का चालवतात. त्या गटाने केळीच्या सोपटांपासून वस्तू करायचं काम काढलं होतं. सोपटं म्हणजे केळीच्या खोडावरची सालं, कांद्यासारखी एकावर एक असलेली. घड उतरवला की खोड तसंच टाकून देतात, त्याचं काहीतरी करावं हा अक्कांचा विचार. दहा मुली तयार झाल्या, शिकवायला शहरातून एक बाई येऊ लागल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. मुली तशाच राहिल्या.

त्याच सुमारास मी वसतिगृहात लसूण ठेवायला वाळल्या सोपटाची एक टोपली विणली होती. आमच्याकडे शिंदीच्या पानांच्या विणतात, मी तेच सोपटावर करून बघितलं. मैत्रिणीने ती टोपली लसणासकट उचलून सासूला नेऊन दाखवली. पुढच्या रविवारी अक्कांनी मला बोलावून घेतलं.

"हे तू केलं?"

"हो अक्का."

"मंग आमच्या पोरीयले शिकव."

मी म्हटलं, "अक्का, मी सहावीतून शाळा सोडलेली आहे."

अक्कांनी टोपली उलटी केली, बुड बघितलं, आतून बघितलं. मग म्हणाल्या, "याच्यावर कुठी लिहेल नाही तू कितवी शिकली ते."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. अक्कांनी एक जूननंतरचा सोमवार दिला. सोमवारी सांग, नाहीतर मी दुसरी बाई बघते, म्हणाल्या.

सहावीत शाळा का सुटली, असं कुणी विचारलं तर मी आईच्या बाळंतपणाचं कारण सांगते. ते खरंच आहे. पण त्याच्या आधीचं एक आहे, ते सांगत नाही. अपूर्णांकाचं एक गणित माझ्या वहीत बरोबर आलं होतं. मास्तर म्हणाले, पुढे ये आणि सगळ्यांना समजावून सांग. मी फळ्यापाशी गेले, तोंड वर्गाकडे केलं, समोर चाळीस चेहरे. गणित मला येत होतं. आवाज आला नाही. घंटा होईपर्यंत मी तशीच उभी होते. पुढच्या आठवड्यात आई बाळंत झाली, मी घरी राहिले, आणि मला मनातून इतकं हलकं वाटलं की पुन्हा गेलेच नाही.

आता समोर दहा मुली बसणार होत्या. येतं ते सगळं हातात, सांगायचं तोंडाने. मी मनाशी एक ठरवलं आणि कुणाला बोलले नाही. वाढदिवसाला तीन मैत्रिणी बोलवायच्या, वसतिगृहातल्या मुलींसारखं हातांनी काही करत बसायचं, आणि तेवढ्यात त्या तिघींना टोपलीची वीण शिकवून बघायची. तिघींना आली तर सोमवारी हो म्हणायचं. नाही आली तर नाही म्हणायचं आणि पोळ्या लाटायच्या. काम मला हवं होतं. इतकं हवं होतं की त्या दिवसांत मला भूकच लागत नव्हती.

तिघी म्हणजे असोद्याची ही मैत्रीण. दुसरी तिची जाऊ, धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. आणि तिसरी यावलची. ती आमच्या वसतिगृहात झाडझूड करते, तिला बोलायला श्वास पुरत नाही. असोद्याची म्हणाली, "आमच्या बागेत ये. सोपटं आणू नको, मळा आमचा आहे, तुले पायजे तेवढी देऊ." म्हणून मी माझ्यापुरतीच वाळलेल्या पट्ट्यांची एक जुडी घेतली. दोन रिकाम्या बाटल्या आणि रंगाच्या पुड्याही घेतल्या, वीण जमली नाही तर बाटल्या तरी रंगवता येतील. माझी तयारी नेहमी न जमण्याचीच जास्त असते.

त्या दिवशी मी नवी साडी नेसले. राणी रंगाची, घडी मोडायची राहिलेली. असोद्याच्या थांब्यावर उतरले तर तिघी उभ्या. आणि तिघींच्याही अंगावर अशा साड्या की भांडी पुसायला घेऊ नयेत. तपकिरी, काळे डाग पडलेल्या, पदर फाटलेला. वर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, तोही डागाळलेला. मला वाटलं, आपण एवढ्या हौसेने बोलावलं आणि ह्या शेणाला निघाल्यासारख्या आल्या. परक्या गावात माणूस फार पटकन असं धरून बसतं.

असोद्याची मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "अगं माय! लग्नाले चालली का?"

"वाढदिवस आहे ना," मी म्हटलं, आणि माझा आवाज बारीक झाला.

"वाढदिवस शे ते खरं," धुळेवाली म्हणाली, "पन केळीमा जानं शे ना!"

मग यावलवालीने एका दमात सगळं सांगितलं. केळीचा चीक कपड्याला लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो, आणि मग कपडा फाटतो पण डाग फाटत नाही. म्हणून केळीवाल्या प्रत्येक घरात खुंटीवर केळीचे कपडे वेगळे असतात. तिच्या माहेरी तर पाहुण्यांसाठीसुद्धा एक जोड ठेवलेला असतो, जावयाला एकदा तो घालायची लाज वाटली आणि त्याच्या लग्नातल्या शर्टाची कशी गोधडी झाली. तिघी हसत होत्या. असोद्याच्या मैत्रिणीने पिशवीतून एक सदरा काढला. "दिराचा आहे. धुतेल आहे. घाल." राणी रंगाच्या साडीवर मी तो सदरा चढवला. गुडघ्यापर्यंत आला. धुळेवाली म्हणाली, "आते नवरी शोभी ऱ्हायनी."

बाग थांब्यापासून दहा मिनिटांवर होती. रस्त्यावर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. बागेभोवती शेवरीचं दाट कुंपण, त्यातून वाकून आत शिरलो, आणि ऊन संपलं. एकदम संपलं, पडदा ओढल्यासारखं. आत सगळा उजेड हिरवा होता. माझे हात हिरवे, सदरा हिरवा, पुढे चालणाऱ्या यावलवालीची पाठ हिरवी. पायाखाली ठिबकच्या नळ्यांची ओल. वर पानं एकमेकांना घासत होती, आणि तो आवाज मला आमच्या तळ्याच्या काठच्या आवाजासारखा वाटला. मी बारा वर्षांत इतकी केळी बघितली, ट्रकात बघितली, बाजारात बघितली, पण बागेच्या पोटात कधी गेले नव्हते. माझी चाल आपोआप हळू झाली. बोलावंसंच वाटेना.

मधे मोकळी जागा होती, तिथे चटई अंथरली. आणि त्यांनी माझ्यासाठी काय आणून ठेवलं होतं ते दाखवलं. तीन खोडं, सकाळीच तोडलेली, गोरीपान, पाण्याने जड. "तुझ्या वाढदिवसाले म्हणून ताजी," असोद्याची म्हणाली, "काल पण तोडता आली असती. पण म्हटलं, नको, शिळं कशाले?"

म्हणून ते कपडे. म्हणून तो सदरा. यांच्या घरी पूजेला खांब लागतो तो ताजा, पान लागतं ते ताजं. कुणाला काही द्यायचं तर पहिलं द्यायचं, आजचं द्यायचं. विणायला सोपट वाळलेलं लागतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. ओल्या सोपटाची पट्टी निघते, पण ती हातातून मासोळीसारखी निसटते. पीळ दिला की मोडते, आणि मोडली की चीक गळतो. आम्ही पाच मिनिटं प्रयत्न केला. चौघींचे हात बरबटले.

"बठ्ठं वल्लं शे," धुळेवाली म्हणाली. "याची टोपली नही, भजी व्हई."

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं मी धुळ्यातच शिकले होते. पण मला त्या हसण्यात हसता येईना. माझ्या डोक्यात सोमवार होता. पहिली गोष्टच बिघडली, आता पुढचं बिघडणार, अक्का दुसरी बाई बघणार. पण असोद्याची उठली आणि म्हणाली, "वाळलेलं पायजे का? मंग चला ना, मागच्या महिन्यातली कटाई तिकडे उभी आहे."

बागेच्या टोकाला घड उतरवलेली खोडं उभीच वाळत होती. त्यांच्यावरून सोपटं सुटून लोंबत होती, गव्हाळ, तांबूस, काही अगदी सोनेरी. आम्ही चौघी वेगवेगळ्या ओळींत शिरलो आणि ती सोलून खांद्यावर टाकत गेलो. खोडांमधून मला कधी एकीचा हात दिसायचा, कधी दुसरीचा पदर. हाका मात्र सगळीकडून यायच्या, कोणती कुठून ते कळायचं नाही. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर बरं. कुणी मला शिकवायला सांगू नये, मी कुणाला काही सिद्ध करून दाखवू नये, नुसतं सोलत पुढे जावं. पण खांदे भरले आणि आम्ही चटईवर परत आलो.

मी तिघींना समोर बसवलं. पाणी शिंपडून सोपटं मऊ केली, नखाने पट्ट्या फाडायला दाखवल्या. ते तिघींना लगेच जमलं. मग वीण, म्हणजे जो लांब पट्टा बुडापासून गोल गोल फिरवून जोडला की टोपली होते. तीन पदरांची वेणी कुणालाही येते. ही पाच पदरांची, कडेची पट्टी एकीवरून जाते आणि दुसरीखालून येते, मग दुसऱ्या कडेची तशीच. माझे हात हे झोपेत करतात. तोंडाने सांगायला लागले आणि सगळं विस्कटलं.

"उजवीकडची उचला."

"तुझी उजवी का आमची?" यावलवालीने विचारलं.

"तुमची. म्हणजे, माझी डावी. नाही, थांबा."

"एक ठरव बापा," असोद्याची म्हणाली, "आम्हाले दोनच हात आहेत."

"मना हात ते आते मनाच नही ऱ्हायना," धुळेवालीने पाचही पट्ट्यांत अडकलेली बोटं वर करून दाखवली.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा उलटं झालं. मी समोरून दाखवत होते, त्यांना आरशासारखं दिसत होतं, आणि मी शब्दांनी ते सुलटं करायला जाई तो आणखी गुंता होई. त्या काही रागावल्या नव्हत्या, उलट मजेत होत्या. पण माझ्यासमोर तीन चेहरे होते, माझ्याकडे बघणारे, मी आता काय सांगते याची वाट बघणारे. मला येत होतं, आणि आवाज येत नव्हता. तीस वर्षांनी पुन्हा तेच. मला कळलं, झालं, सोमवारचं उत्तर मिळालं. डोळे भरून आले. वाढदिवसाला रडताना कुणाला दिसू नये म्हणून मी बसल्या जागी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि हातातली अर्धी वीण उगीच विणत राहिले, काहीतरी करत असल्यासारखी.

मग माझ्या उजव्या खांद्यावर गरम श्वास आला. यावलवाली गुडघ्यांवर सरकत मागे येऊन बघत होती.

"हां," ती म्हणाली. "आता दिसलं. थांब, पुढे जाऊ नको. हे एकीवरून, आणि हे खालून. असं होय! मघापासून हे का नाही दाखवलं?"

डाव्या खांद्यावरून असोद्याची डोकावली. धुळेवाली उंच, ती दोघींच्या मधून बघायला लागली. बोलायला लागलंच नाही. मी हळू केलं, त्यांनीही हळू केलं. माझी उजवी तीच त्यांची उजवी होती. आणि मला आठवलं, आईने मला शिंदीची वीण कधी सांगितलीच नव्हती. ती अंगणात विणत बसायची, मी तिच्या पाठीला रेलून खांद्यावरून बघायचे, बघता बघता कधीतरी माझ्या हातात पट्ट्या आल्या होत्या. आम्ही दोघी एकीकडेच बघत बसायचो. आई बोलायची ती शेजारच्या कोंबड्यांबद्दल.

पुढचा वेळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. पानांतून उन्हाचे ठिपके पडत होते, ते सरकत सरकत माझ्या मांडीवरून चटईवर गेले एवढं आठवतं. मागून यावलवालीच्या बोलण्याची धार लागलेली होती, तिच्या मामेबहिणीचं लग्न, कुणाची तरी हरवलेली बकरी. मधेच धुळेवाली काहीतरी गुणगुणत होती. डोळे माझे वाळले होते. माझ्या मागे तिघींच्या पट्ट्यांचा सरसर आवाज येत होता आणि त्या आवाजावरूनच मला कळत होतं की कुणाची वीण सैल आहे. "ओढ जरा गं," मी मागे न बघता असोद्याच्या मैत्रिणीला म्हटलं. ती म्हणाली, "हिच्या पाठीले डोळे आहेत का वं?"

ऊन कलल्यावर अक्का आमरसाचं पातेलं आणि भाकऱ्या घेऊन बागेत आल्या. आम्ही चौघी एका दिशेला तोंड करून, एकामागे एक.

"हे काय," अक्का म्हणाल्या, "एस्टीत बसल्या का?"

तिघींच्या हातांत प्रत्येकी हातभर वीण होती. असोद्याच्या मैत्रिणीची थोडी वाकडी, धुळेवालीची घट्ट, यावलवालीची सगळ्यांत लांब. अक्कांनी एकेक हातात घेतली, उलटी केली, ओढून बघितली. मी उठून उभी राहिले. दिराचा सदरा, चिकाचे हात, केसांत सोपटाचा चुरा.

"अक्का, सोमवारपर्यंत कशाला, आत्ताच सांगते," मी म्हटलं. "मी येते. पण पोरींना माझ्यासमोर बसवू नका. त्या माझ्या मागे बसतील. मला समोर बघून सांगता येत नाही."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. ही काय भानगड आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं. असोद्याची म्हणाली, "म्हणजे आमची परीक्षा चालली होती का?"

"तुमची नाही," मी म्हटलं.

अक्का पातेल्यावरचं झाकण काढत होत्या. "मागं बसव, पुढं बसव, डोक्यावर बसव," त्या म्हणाल्या. "पोरी शिकल्या पायजे. आता रस घ्या, गरम होऊ रायला."

आम्ही केळीच्या पानांवर भाकऱ्या घेतल्या आणि पेल्यांतून रस प्यालो. बाटल्या रंगवायच्या राहून गेल्या.

गटाच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मुली आधीच चटईवर बसलेल्या होत्या, दाराकडे तोंड करून. मी त्यांच्या पुढे जाऊन पाठमोरी बसले, तेव्हा त्या आधी खुदखुदल्या. मग एक सरकली, मग दुसरी, मग सगळ्या. दोघी-तिघी जवळ यायच्या, बघायच्या, मागे जाऊन मागच्यांना दाखवायच्या. कुणाची तरी वेणी माझ्या मानेवर सारखी येत होती. मी एक शब्दही बोलले नाही, त्यामुळे मी घाबरले आहे हे कुणाला कळलं नसेल अशी माझी समजूत होती. पण माझे हात थरथरत होते. टोपलीच्या चौथ्या-पाचव्या फेरीला वीण एका जागी जराशी वाकडी गेली, मग सावरली.

आठवड्याने मुलींनी आपापल्या टोपल्या आणून ठेवल्या. मी एकेक उचलून बघितली. दहाही टोपल्यांत, बुडापासून चौथ्या-पाचव्या फेरीला, वीण त्याच जागी जराशी वाकडी जात होती आणि मग सावरत होती. कुणीही चुकलं नव्हतं. मी जसं केलं होतं तसंच त्यांनी केलं होतं.